ज्यांनी दार उघडलं

१८७३ साली पुण्यात जोतीराव फुल्यांचं 'गुलामगिरी' छापून झालं, तेव्हा त्यांनी ते अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. गुलामांना दास्यातून सोडवण्यासाठी युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांनी जो त्याग केला त्याच्या सन्मानार्थ, आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवून शूद्रांना मुक्त करावं या इच्छेने. अमेरिका कधीही न पाहिलेल्या माणसाने सातासमुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांना केलेला हा नमस्कार आहे. मराठीत अमेरिकेबद्दल आजवर जे काही लिहिलं गेलं, त्यात इतकं मोठ्या मनाचं दुसरं काही मला आठवत नाही.

त्याच वर्षी १३ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावात वादग्रस्त निवडणुकीनंतर काळे नागरिक कोर्टाची इमारत राखून बसले होते. हत्यारबंद गोऱ्या जमावाने ती पेटवली. जे शरण आले त्यांनाही गोळ्या घातल्या. मेलेल्यांची संख्या कोणी साठ सांगतं, कोणी दीडशे. थोड्याशा आरोपींना शिक्षा झाली, तीही १८७६ साली सुप्रीम कोर्टाने रद्द केली. कोर्ट म्हणालं, सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सरकारांवर बंधन येतं, खासगी माणसांवर नाही. १८७७ मध्ये दक्षिणेतल्या राज्यांमधून संघराज्याच्या सैनिकांचा पहारा उठला, आणि नुकतेच स्वतंत्र झालेले लोक पुढची जवळपास ९० वर्षं त्यांच्या जुन्या मालकांच्या तावडीत गेले.

मग जोतीरावांचा नमस्कार चुकीच्या पत्त्यावर गेला का? मला तसं वाटत नाही. त्यांनी तो तिथल्या सरकारला, राज्यघटनेला किंवा राष्ट्राध्यक्षाला घातलाच नव्हता. गुलामांच्या मुक्तीसाठी ज्यांनी पदरचं खर्ची घातलं त्यांना घातला होता. इतक्या वर्षांच्या न्यू जर्सीतल्या मुक्कामानंतर, 'तिकडे खरंच समता, स्वातंत्र्य वगैरे आहे का गं?' असं पुण्याहून कोणी विचारलं, की मला जोतीरावांनी केलेला तो भेद आठवतो. अमेरिका आपल्या शब्दाला जागते का, याचं उत्तर अमेरिका नावाच्या एका मोठ्या वस्तूकडे बघून देता येत नाही. शब्द एकांनी लिहिले आणि ते खरे करायला लावले दुसऱ्यांनी. ज्यांना त्या शब्दांतून वगळलं होतं, त्यांनी.

मी राहते तिथून फिलाडेल्फिया गाडीने फार लांब नाही. पाहुणे आले की आम्ही त्यांना इंडिपेंडन्स हॉल आणि लिबर्टी बेल दाखवायला नेतो. १७७६ च्या जुलैमध्ये याच इमारतीत 'सर्व माणसं समान निर्माण झाली आहेत' हे वाक्य मंजूर झालं. तेव्हा त्या वसाहतींमध्ये राहणाऱ्या दर पाच माणसांमागे एक गुलाम होता. वाक्य लिहिणाऱ्या थॉमस जेफरसनच्या मालकीची आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसं होती. राजाला दिलेल्या दोषांच्या यादीत त्याने गुलामांच्या व्यापारावर एक जळजळीत परिच्छेद लिहिला होता, तो चर्चेत गाळला गेला. हे सगळं आता तिथले गाइडही सांगतात.

पाहुण्यांना सहसा ठाऊक नसते ती गोष्ट घंटेची. त्या तडा गेलेल्या घंटेवर बायबलमधलं वचन कोरलंय: देशभर, तिथल्या सर्व रहिवाशांना स्वातंत्र्याची घोषणा करा. तरी कित्येक दशकं ती नुसती राज्य विधिमंडळाची घंटा होती. तिला 'लिबर्टी बेल' म्हणायला सुरुवात केली ती १८३० च्या दशकात गुलामगिरीविरोधी चळवळीतल्या लोकांनी. त्यांनी ते वचन वाचलं, 'सर्व' या शब्दावर बोट ठेवलं आणि घंटेचं चित्र आपल्या पत्रकांवर छापलं. आज सारा देश जिला आपल्या स्वातंत्र्याची खूण मानतो, तिचं बारसं त्या स्वातंत्र्यातून वगळलेल्यांच्या बाजूने उभ्या असलेल्या माणसांनी केलं.

घंटेच्या अगदी शेजारी जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना राहायचे त्या घराची जागा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या १७८० च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने तिथे राहिला तर मोकळा होऊ शकत असे. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर फिरवून आणत. त्यांच्यातली ओना जज ही तरुण मुलगी मे १७९६ मध्ये, घरातली मंडळी जेवायला बसलेली असताना, दारातून बाहेर पडली ती थेट न्यू हॅम्पशायरला पोचली. राष्ट्राध्यक्षांच्या घरून वर्तमानपत्रात जाहिरात गेली, तिला परत आणायला माणसं गेली. ती परतली नाही. १८४८ साली वारली, तेव्हाही कायद्याच्या नजरेत ती फरार गुलामच होती. त्या चौकात उभं राहिलं की १७७६ च्या वाक्याचा अर्थ सगळ्यात नीट कोणाला कळला होता, याबद्दल माझ्या मनात शंका उरत नाही.

आता माझ्या घरातली एक गोष्ट सांगते. इथल्या शाळांमध्ये सकाळी मुलं उभी राहून, छातीवर हात ठेवून झेंड्याची प्रतिज्ञा म्हणतात. तिच्या शेवटी 'सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय' असे शब्द आहेत. मुलगी आठवीत असताना काही दिवस त्या वेळी बसून राहायला लागली. कारण तिचं तिला माहीत होतं, तिने मलाही पुरतं सांगितलं नाही. वर्गशिक्षिकेने काही विचारलं नाही, घरी चिठ्ठी आली नाही. पुण्याला माझ्या वडिलांना हे फोनवर कळलं, तेव्हा ते हादरले. 'अगं, काढतील तिला शाळेतून! तुम्ही परके लोक तिथे.' मी म्हटलं, 'आबा, तिला कोणी हात लावू शकत नाही.' आणि हे बोलताना माझ्या लक्षात आलं की मला या देशाविषयी खरोखर अभिमान वाटतोय.

तिला कोणी हात लावू शकत नाही, ते वेस्ट व्हर्जिनियातल्या दोन छोट्या बहिणींमुळे. त्यांचं कुटुंब यहोवाज विटनेसेस पंथाचं, झेंड्याला वंदन करणं म्हणजे मूर्तिपूजा असं मानणारं. १९४० साली अशाच दुसऱ्या मुलांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी शाळांची बाजू घेतली होती, आणि त्यानंतर या पंथाच्या लोकांना गावोगावी मारहाण झाली होती. तरी या बहिणींनी वंदनाला नकार दिला. त्यांना शाळेतून काढलं आणि प्रकरण पुन्हा त्याच कोर्टात गेलं. १४ जून १९४३ रोजी, ऐन महायुद्धात, पोरं आघाडीवर मरत असताना, कोर्टाने तीन वर्षांपूर्वीचा स्वतःचाच निकाल फिरवला. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांनी लिहिलं, की राजकारण, राष्ट्रवाद, धर्म यांत योग्य मत कोणतं हे लहानमोठा कोणताही सरकारी अधिकारी ठरवू शकत नाही. केरळमधल्या याच पंथाच्या मुलांना राष्ट्रगीत न म्हटल्याबद्दल शाळेतून काढलं होतं, तेव्हा १९८६ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मुलांच्या बाजूने निकाल देताना या निकालाचा आधार घेतला. जॅक्सनचं ते वाक्य मी आबांना फोनवर मराठीत करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'युद्ध चालू असताना?'

हो, युद्ध चालू असताना. पण आबांना मी त्याच महिन्यातली पुढची गोष्टही सांगितली, कारण नुसती पहिली सांगणं म्हणजे त्यांना फसवणं झालं असतं. बरोब्बर एका आठवड्याने, २१ जूनला, त्याच न्यायमूर्तींनी एकमताने ठरवलं की जपानी वंशाच्या नागरिकांवर, फक्त त्यांच्यावर, संचारबंदी लादणं घटनेला धरून आहे. त्याआधी फेब्रुवारी १९४२ च्या राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांना घरंदारं, शेतं, दुकानं सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत नेलं होतं. त्यातले दोन तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. डोरोथिआ लँग या छायाचित्रकर्तीने एप्रिल १९४२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका शाळेत टिपलेला फोटो आहे. जपानी आईबापांच्या चिमुरड्या मुली छातीवर हात ठेवून तीच प्रतिज्ञा म्हणत आहेत. सर्वांसाठी स्वातंत्र्य आणि न्याय. थोड्याच दिवसांत त्यांची छावण्यांत रवानगी झाली. १९४४ साली कोर्टाने या हकालपट्टीलाही मान्यता दिली. तेव्हा मात्र विरोधी मत देणाऱ्या तिघांत जॅक्सन होते.

या देशाला ढोंगी म्हणून मोकळं होता येत नाही, ते अशा गोष्टींमुळे. आणि थोर म्हणूनही मोकळं होता येत नाही. माझ्या ओळखीतले निम्मे लोक पहिलं करतात, निम्मे दुसरं, आणि दोघांनाही रात्री छान झोप लागते. छावण्यांतून परतलेल्या माणसांना असं झोपणं परवडणारं नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी कागद धुंडाळले, सरकारने कोर्टापासून काय काय लपवलं ते बाहेर काढलं, साक्षी दिल्या. १९८८ साली कायदा करून सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २०,००० डॉलर दिले. गेलेलं शेत काही त्यातून परत येत नाही. पण सरकारला 'चुकलं' असं लेखी म्हणायला लावणं ही काय चीज आहे, ते आपल्यापैकी ज्यांनी कुठल्याही सरकारी कचेरीत खेटे घातलेत त्यांना सांगायला नको.

आपल्या लोकांविषयी बोलायचं तर १९२३ पासून सुरुवात करावी लागते. भगतसिंग थिंड हा पंजाबी तरुण पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता. त्याने नागरिकत्वासाठी अर्ज केला. १७९० च्या कायद्याने बाहेरून आलेल्यांपैकी फक्त 'मुक्त गोऱ्या व्यक्ती'लाच नागरिक होता येत असे. यादवी युद्धानंतर त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली होती, पण आशियाई माणूस कुठेच बसत नव्हता. म्हणून त्याच्या बाजूने असा दावा झाला की तो उच्चवर्णीय हिंदू आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे, म्हणून गोराच आहे. वकिलांच्या निवेदनात तर असंही होतं, की लग्नसंबंधाच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या आदिवासींकडे त्याच नजरेने बघतो, ज्या नजरेने अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो. हा युक्तिवाद मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान मिटून ठेवलं होतं. समतेच्या देशाच्या दारात उभं राहून आत जाण्यासाठी पुढे केलेलं प्रमाणपत्र कोणतं, तर आम्हीही माणसं खाली ठेवतो, हे.

ते चाललं नाही. न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलेल्या एकमताच्या निकालात म्हटलं की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे हिंदू माणूस गोरा नाही. मग ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं अशा अनेक भारतीयांचंही ते काढून घेण्यात आलं. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचा दुकानदार वैष्णो दास बगाई होता. १९१५ साली तो बायको कला आणि तीन मुलग्यांना घेऊन आला होता. इंग्रजांच्या गुलामीतून सुटायला आलो, असं तो म्हणे. बर्कलीत त्यांनी घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी त्यांना आत पाऊल ठेवू दिलं नाही. नागरिकत्व गेलं, त्यापाठोपाठ मालमत्तेचा हक्क गेला, अमेरिकन पासपोर्टवर भारतात जाऊन यायची सोय गेली. १९२८ साली त्याने आत्महत्या केली. मागे ठेवलेल्या पत्रात त्याने विचारलं होतं, सोन्याच्या पिंजऱ्यात जगणं हे जगणं आहे का? ते पत्र तिथल्या वर्तमानपत्रात छापून आलं. कला बगाई त्यानंतर अनेक दशकं जगल्या, मुलांना वाढवलं, नागरिक झाल्या. आता त्याच बर्कलीतल्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे.

१९४६ मध्ये भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली, आणि वर्षाला येऊ शकणाऱ्या भारतीयांची मर्यादा ठरली १००. अख्ख्या भारतातून शंभर माणसं.

आमच्यासारख्यांसाठी दार उघडलं ते १९६५ साली. ते कोणी उघडलं, हे आमच्या मंडळांच्या स्मरणिकांमध्ये मी अजून वाचलेलं नाही. आमच्या कहाणीत आयआयटी असते, खिशातले आठ डॉलर असतात, रात्रीचा दिवस करून केलेली मेहनत असते. मेहनत खोटी नाही. पण १९५० च्या दशकातल्या भारतीयांनीही मेहनत केलीच असती, त्यांना येऊच दिलं नाही.

१९६५ च्या ७ मार्चला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या काळ्या माणसांना पोलिसांनी लाठ्यांनी फोडून काढलं. जॉन लुईस या पंचविशीतल्या कार्यकर्त्याची कवटी फुटली. त्या संध्याकाळी देशाने ते टीव्हीवर पाहिलं. ऑगस्टमध्ये मतदान हक्काचा कायदा झाला. आणि ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या पायथ्याशी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्या कायद्यावर सही केली, ज्याने देशागणिक आणि वंशागणिक ठरवलेले जुने कोटे मोडीत निघाले. हे दोन वेगळे विषय नव्हते. १९६४ चा नागरी हक्क कायदा ज्या समितीतून पुढे गेला, तिचे अध्यक्ष ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर होते. १९४६ चा भारतीयांसाठीचा कायदा आणि १९६५ चा हा कायदा, दोन्हींना त्यांचं नाव जोडलेलं आहे. ज्या देशाने नुकतंच हॉटेलात, बसमध्ये, नोकरीत वंशावरून भेद करायचा नाही असं ठरवलं, त्याला सीमेवर तोच भेद चालू ठेवणं अवघड झालं. जॉन लुईसच्या डोक्यातून जे रक्त सांडलं, त्यातून माझा व्हिसा आला. हे वाक्य भडक वाटेल. मला ते शब्दशः खरं वाटतं.

१९६५ ने सगळं सरळ झालं असंही नाही. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि कोणत्याही एका देशाला त्यातली सात टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत, असा नियम आहे. देश आइसलँड असो नाहीतर भारत, टक्का तोच. समान वागणुकीचा हा हिशेब भारतीयांना दशकानुदशकं रांगेत ठेवतो, आणि मुलं एकवीस वर्षांची झाली की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडतात. त्याविरुद्ध आमचे लोक पोटतिडकीने बोलतात आणि त्यांनी बोललंच पाहिजे. माझी तक्रार वेगळी आहे.

ती सांगायला माउंट लॉरेलची गोष्ट हवी. न्यू जर्सीच्या बर्लिंग्टन काउंटीतलं हे गाव पूर्वी शेतीचं होतं. गुलामगिरीच्या काळात पळून आलेल्यांना तिथल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आसरा दिला होता आणि काही काळी कुटुंबं पिढ्यानपिढ्या तिथेच राहिली. एथेल लॉरेन्स यांचं त्यांतलंच एक. त्या बालवाडीत शिकवत. १९६० च्या दशकात गाव वाढू लागलं, मोठमोठ्या प्लॉटवर मोठी घरं आली, आणि जुन्या काळ्या कुटुंबांच्या मुलांना तिथे राहणं परवडेना. त्यांनी कमी उत्पन्नवाल्यांसाठी ३६ घरं बांधायची परवानगी मागितली. १९७० मध्ये एका रविवारी त्यांच्या चर्चमध्ये येऊन महापौरांनी सांगितलं, तुम्हाला या गावात राहणं परवडत नसेल तर तुम्हाला गाव सोडावं लागेल.

एथेल लॉरेन्स कोर्टात गेल्या. १९७५ साली न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की कुठल्याही गावाला आपले नियम असे आखता येणार नाहीत ज्यांनी गरिबाला जागाच उरणार नाही. प्रत्येक गावाने परवडणाऱ्या घरांचा आपला वाटा उचलायलाच हवा. गावाने मग तीन निरुपयोगी तुकडे काढून दिले. १९८३ साली कोर्टाने पुन्हा, जास्त कडक शब्दांत तेच सांगितलं. तरी एक वीट रचली जात नव्हती. मध्यंतरी लॉरेन्सबाईंना धमक्या आल्या. १९९४ साली त्या वारल्या. २००० साली माउंट लॉरेलमध्ये पहिली घरं उभी राहिली, ३६ मागितली होती त्यांची १४० झाली, आणि वसाहतीला त्यांचं नाव दिलं गेलं. पहिल्या मागणीपासून तीस वर्षं.

घरांवर मी इतकं का रेंगाळतेय? कारण या देशात समता अडते ती शेवटी घरापाशी. शाळांचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो, म्हणून ज्याचं घर चांगल्या गावात त्याची शाळा चांगली. घर हीच मध्यमवर्गाची पुंजी. आणि १९३० च्या दशकापासून सरकारनेच काळ्या वस्त्या नकाशांवर लाल रंगाने रंगवून तिथे कर्ज जोखमीचं ठरवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर लेव्हिटसारख्या बिल्डरांनी सरकारी हमीच्या कर्जांवर हजारो घरांच्या वसाहती उठवल्या आणि त्या गोऱ्यांपुरत्या ठेवल्या. याच बर्लिंग्टन काउंटीत लेव्हिटची एक वसाहत होती. तिथे काळ्यांना घर द्यायला कोर्टाने भाग पाडलं ते १९६० साली. तोवर एका पिढीची पुंजी बांधून झाली होती. फेडरल रिझर्व्हच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर निघाली, काळ्या कुटुंबाची ४४,९००. हा फरक कष्टांचा आहे असं आमच्यातले काही जण जेवणाच्या टेबलावर सांगतात, तेव्हा मी आता गप्प बसत नाही.

आमच्या गावालाही परवडणाऱ्या घरांचा वाटा उचलायचा आहे. २०२४ च्या नव्या कायद्याने २०२५ ते २०३५ या दशकासाठी राज्यातल्या गावागावाचा आकडा ठरवण्याची पद्धत लागली, आणि तेव्हापासून गावातल्या बांधकामांचा निर्णय घेणाऱ्या प्लॅनिंग बोर्डाच्या सभांना गर्दी होऊ लागली. मागच्या सभेला सभागृह भरलं होतं आणि त्यात निम्म्याहून जास्त चेहरे आपले होते. मराठी, गुजराती, तेलुगू, तमिळ. एकेक जण माइकपाशी जाऊन तीन मिनिटं बोलत होता. ट्रॅफिक वाढेल. शाळांवर ताण येईल. गावाचं रूप बदलेल. सगळं इंग्रजी अगदी सभ्य. पार्किंगमध्ये मात्र मराठीत खरं कारण ऐकू आलं: 'ते लोक आले की संपलंच.'

ते लोक. १९२३ साली ते लोक आपण होतो. १९८७ साली जर्सी सिटीत 'डॉटबस्टर्स' म्हणवणाऱ्या टोळ्या कुंकू लावलेल्या बायका हेरून त्रास देत होत्या, भारतीयांना मारत होत्या, तेव्हाही आपणच होतो. तो काळ पाहिलेल्या बायका अजून आमच्या गणपतीत मोदक वळायला असतात.

आणि जात. ती तर आपण बॅगेत घालूनच आणली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअॅटल शहराने जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानेही तसं विधेयक मंजूर केलं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी, सध्याच्या कायद्यांत हे संरक्षण आधीच आहे असं म्हणत, ते नाकारलं. त्या विधेयकाच्या बाजूने उपोषणाला बसलेलेही भारतीय वंशाचे आणि विरोधात रस्त्यावर आलेलेही. 'यामुळे आमच्या मुलांवर शिक्का बसेल,' असं विरोध करणारे म्हणत. त्यांची भीती मी ऐकून घेतली आहे, तरी मला ती पटत नाही. भेदभाव होत नसेल तर त्यावरच्या बंदीने कोणाचंच काही जात नाही. थिंडच्या वकिलांनी शंभर वर्षांपूर्वी कोर्टात अभिमानाने जे सांगितलं, ते आज 'असं काही नाहीच' म्हणून झाकणं, यात मला तरी फार अंतर दिसत नाही.

दुसरं नातंही आपल्याच इतिहासात आहे, आणि त्याचा मला अभिमान आहे. १९१३ ते १९१६ बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हार्लेम ही काळ्यांची वस्ती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर. १९४६ साली त्यांनी काळ्या अमेरिकनांचे नेते आणि विचारवंत डब्ल्यू. ई. बी. दुबॉय यांना पत्र लिहिलं. काळ्या अमेरिकनांनी संयुक्त राष्ट्रांकडे दाद मागितली आहे असं कळलं, भारतातल्या अस्पृश्यांनीही तसं करावं असा विचार आहे, त्या अर्जाच्या प्रती मिळतील का? दुबॉय यांनी उलटटपाली सहानुभूती आणि मदतीची तयारी कळवली. १९७२ मध्ये मुंबईत दलित तरुणांनी संघटना काढली, तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जोतीरावांपासून हा धागा चालत आला आहे. आम्ही इथे येऊन त्याच्या दुसऱ्या टोकाला राहतोय, आणि पार्किंगमध्ये उभं राहून 'ते लोक' म्हणतोय, याचं मला फार वाईट वाटतं.

गेल्या सभेनंतर मी प्रिन्स्टनचे समाजशास्त्रज्ञ डग्लस मॅसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एथेल लॉरेन्स वसाहतीचा जो अभ्यास केला, तो काढून वाचला. आजूबाजूच्या घरांच्या किमती त्या वसाहतीमुळे पडल्या नाहीत. गुन्हे वाढले नाहीत. कर वाढले नाहीत. शेजारच्या वस्तीतल्या कित्येकांना तर ती वसाहत तिथे आहे हेच ठाऊक नव्हतं. आणि तिथे राहायला आलेल्या माणसांना नोकऱ्या मिळाल्या, त्यांच्या मुलांना अभ्यासाला शांत जागा मिळाली. हे मी आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मराठीत लिहून टाकलं. दोघांनी ग्रुप सोडला. तिघांनी स्वतंत्र मेसेज करून आणखी माहिती विचारली.

पुढच्या सुनावणीला मी बोलायला नाव दिलंय. तीन मिनिटांत कला बगाईंच्या बंद घरापासून एथेल लॉरेन्स यांच्या १४० घरांपर्यंत पोचायचं आहे, म्हणून घड्याळ लावून वाचून बघतेय, कापतेय. मुलगी आता कॉलेजात आहे, ती त्या दिवशी ट्रेनने येणार आहे. विचारणा करणाऱ्या तिघांपैकी दोन घरंही येणार आहेत. आमच्या भागातलं आणखी कोणी हे वाचत असेल तर जरूर या. बोलायचं नसेल तर नुसते बसा. बोर्डाचे सभासद खुर्च्या मोजतात.